रिकाम्या तळावरचा वावर

दोघांनी दोन टोकांना धरून तोफ उचलली, तिचं तोंड पूर्वेकडून उत्तरेकडे वळवलं आणि अलगद खाली ठेवली. सुताराने कमरेवर हात ठेवून उगाचच धापा टाकल्या.

"अंगाने भरलीय हो वहिनी. सरकारी खाणं मानवलंय तिला."

"पुरे झाला चावटपणा. आधी चाकाखाली वीट सरकवा. कलली तर वरून पोट दिसेल तिचं."

पोट म्हणजे प्लायवूड आणि जुन्या खोक्यांच्या फळ्या. नळी म्हणजे सांडपाण्याचा पाइप, त्यावर करड्या-हिरव्या रंगाचे दोन हात. माळावर असल्या डझनभर तोफा होत्या, त्यांच्यामागे तंबूंच्या दोन रांगा, एक स्वयंपाकाची शेड, आणि शेडला लागून कपडे वाळत घालायच्या तारा. सैनिक मात्र औषधालाही नव्हता. सरकारदरबारी या जागेला 'पर्यायी तळ' म्हणत. सुतार तिला सिनेमा म्हणायचा.

डोंगरापलीकडची लढाई कधी भडकायची, कधी नुसती धुमसायची, पण विझायचं काही नाव घेत नव्हती. पलीकडून बिनमाणसांची छोटी विमानं टेहळणीला यायची. माळावरचे लोक त्यांना घारी म्हणत. घारीने बघून जायचं आणि मग एखाद्या रात्री दुरून रॉकेट यायचं, अशी रीत. ते रॉकेट खऱ्या तोफांवर न पडता या लाकडी तोफांवर पडावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. म्हणूनच कामाची माणसं सकाळी ट्रकने यायची आणि अंधार पडायच्या आत परत जायची.

सुताराने तोफा आणि तंबू सांभाळायचे. वहिनीचं काम वेगळं होतं. तिने वावर दाखवायचा. तळ उभारणाऱ्या अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की घार काही रंगाला फसत नाही. ती बघते पायवाटा, राख, कचरा, तारेवरचे कपडे. तेव्हा रोज सकाळी वहिनी गणवेशांचा ढीग भिजवायची, आपटायची, पिळायची, तारेवर टाकायची, आणि दुपारी वाळले की काढून घड्या घालायची. दुसऱ्या दिवशी तेच कपडे पुन्हा भिजवायची. शेडमध्ये ओली लाकडं पेटवून धूर करायची. या तंबूतून त्या तंबूत जायची, तिथून नळावर, नळावरून शेडमध्ये, म्हणजे पायवाटांवर गवत माजू नये. कोणी न घातलेले कपडे धुवायचे आणि कोणी न जेवणारा स्वयंपाक शिजवायचा. पगार मात्र खरा होता, आणि वेळेवर मिळायचा.

पण पगारासाठी एवढं कोणी राबत नाही. गणवेश खंगाळून काढायची तिला काही गरज नव्हती. नुसते ओले करून टाकले असते तरी चाललं असतं. ती मात्र कॉलर घासायची, उसवलेली शिवण घालायची. तिचा एकुलता एक मुलगा तोफखान्यात होता. कुठल्या तुकडीत, कुठल्या डोंगरात, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारलं तरी तो सांगू शकत नव्हता. तिचा हिशेब साधा होता. रॉकेटं काही पलीकडच्यांकडेही झाडाला लागत नाहीत. एक इथे पडलं, की पोराच्या डोक्यावरचं एक कमी.

त्या कपड्यांना तिने माणसं वाटून दिली होती. एक भलामोठा शर्ट पहिलवानाचा. एक कॉलरला एकाच बाजूने विरलेला, तो सारखी मान वळवून बघणाऱ्या भित्र्याचा. एका शर्टाचं बटण दोनदा लावूनही तुटलं, तेव्हा ती त्याला रागावली, "काय रे, पुन्हा मारामारी केलीस?" सुरुवातीला सगळी गंमतच होती. पुढे पुढे दुपारी सुतार डुलकी काढत असला, की तिला तिसऱ्या तंबूतून कोणीतरी खाकरल्यासारखं वाटे. वाऱ्याने कनात फडफडते हे तिला काय कळत नव्हतं? तरी ती वाकून आत बघायची. रिकाम्या खाटांवर हात ठेवला तर त्या गरम लागायच्या. ऊन आत येतं म्हणून, असं ती स्वतःला समजावायची आणि लगबगीने बाहेर पडायची.

एका संध्याकाळी ट्रकमध्ये चढताना ती मागे वळून म्हणाली, "येते रे." उत्तर आलं नाही याचं तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची भीती वाटली.

काटकसरे आले ते वर्ष संपत येताना. हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खर्च खात्यातला हा अधिकारी एकदा पाहणीला येऊन खिळेसुद्धा मोजून गेला होता, तेव्हापासून सुताराने त्यांचं बारसं करून टाकलं होतं. माणूस तरुण, सडपातळ, चिखल चुकवत चालणारा. त्यांनी एका तोफेवर बोटाने टकटक केली आणि शेडमध्ये येऊन स्टुलावर बसले. वहिनीने चहा दिला.

"खोट्या तोफेचा हिशेब उलटा असतो," ते म्हणाले. "फुटली तर फायदा, शाबूत राहिली तर तोटा. एका खऱ्या तोफेच्या पैशांत असले तीन तळ उभे राहतात. आणि त्यांचं एक रॉकेट म्हणजे एक छोटं हॉस्पिटल धरा. ते हॉस्पिटल त्यांनी आपल्या प्लायवूडवर आपटलं, की आपण जिंकलो."

"मग घोडं अडलंय कुठे?" सुताराने विचारलं.

"वर्ष होत आलं. एकही पडलं नाही इथे."

"म्हणजे आम्ही अजून धडधाकट आहोत, याची माफी मागायची का साहेब?"

काटकसरे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मला वर उत्तर द्यावं लागतं हो. नव्या बजेटात या तळासाठी पैसे मागायचे तर काहीतरी दाखवायला नको? घारी येतात, बघतात, निघून जातात. त्यांना कळतंय. कशावरून कळतंय तेच मला कळत नाही. असंच राहिलं तर हे बंद करावं लागेल."

तळ बंद, म्हणजे पोराकडे जाणारी सगळी रॉकेटं तिकडेच. मोठ्या लोकांच्या बोलण्यात तोंड घालायची वहिनीला सवय नव्हती, पण शब्द निघून गेले.

"माणसं नाहीत ना, साहेब."

"तुम्ही आहात की."

"आम्ही कामाला येणारी. राहणारं माणूस वेगळं दिसतं. शेजारच्या घरात माणसं झोपलीत की घराला कुलूप आहे, हे आपल्याला दार न वाजवताही कळतं. संध्याकाळी निघून जाणारी माणसं वरूनही ओळखू येत असतील."

काटकसऱ्यांनी कप खाली ठेवला. "किती माणसं लागतील?"

जेवायला किती पानं मांडायची असं कोणी विचारावं, तसं त्यांनी विचारलं, आणि तिनेही तसंच उत्तर दिलं. "पंचवीस-तीस तरी हवीत. आणि मुक्कामाला. रात्री उठून बाहेर जाणारी, सकाळी रांगेत तोंड धुणारी."

"बाहेरची माणसं रात्री ठेवायची म्हणजे विमा आला, भरपाई आली," ते स्वतःशीच पुटपुटले. "नाही परवडणार." पण त्यांचे डोळे चमकले होते. जाताना ते मुद्दाम तिच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "मावशी, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं."

ट्रकमध्ये सुतार म्हणाला, "झालं! आता तुम्हाला मंत्री करतात बघा. आम्हाला विसरू नका म्हणजे मिळवली." ती लटकं रागावली, पण घरी पोचेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही जाईना.

काही महिन्यांनी काटकसरे पुन्हा आले, तेव्हा त्यांची स्वारी खुशीत होती. तळाला आणखी एक वर्ष मिळालं होतं. वहिनीचा पगार वाढला होता.

"तुमची सूचना सगळ्यांनी उचलून धरली, मावशी. इथे नाही, दुसऱ्या एका ठिकाणी लागू केली. तो तळ रस्त्याजवळ आहे, नजरेत भरतो."

"आणि परवडलं कसं?" सुताराने विचारलं. "माणसं काय फुकट मिळाली?"

"जवळजवळ," काटकसरे म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गाडीकडे गेले.

चला, आपलं बोलणं कोणाच्या तरी कामी आलं, असं तिला वाटलं. खोटे तळ जितके वाढतील तितकं पोरावरचं संकट वाटलं जाणार. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

पावसाळा सरल्यावर मुलगा रजेवर आला. कळवलं नव्हतं, एकदम दारातच उभा. ती त्याला बघून रडली, मग हसली, मग किती वाळलायस म्हणून पुन्हा रडली. दोन खोल्यांचं घर, त्यात त्याची पिशवी, त्याचे बूट, त्याचा घोरण्याचा आवाज. पहिला दिवस तो नुसता झोपला. आई सैन्याचे कपडे धुण्याचं काम करते एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. त्यापलीकडे बोलायची तिला बंदी होती. त्यालाही होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो फिरायला लागला. बाहेर कुठे नाही, घरातल्या घरात. स्वयंपाकघरातून दारात, दारातून मागच्या नळावर, नळावरून पुन्हा स्वयंपाकघरात. पेला उचलायचा, पाणी न पिता ठेवून द्यायचा. बाहेर जाऊन उभा राहायचा, मान खाली घालून परत यायचा. एकदा त्याने कोरडे कपडे तारेवरून काढले आणि पुन्हा तिथेच वाळत घातले.

"काय हरवलंय रे?"

"काही नाही."

"मग बस ना एका जागी. पायाला भिंगरी लावल्यासारखा काय फिरतोयस?"

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "ड्यूटी आहे माझी, आई."

ते काय, हे त्याने जेवताना सांगितलं. घरात दोघंच असूनही त्याने आवाज खाली आणला.

"कोणाकडे बोलू नकोस हं. आमची तोफ लाकडाची आहे."

वाढता वाढता तिचा हात थांबला.

"आधी खऱ्या तुकडीवर होतो. मग आमच्यातल्या काहींना उचललं आणि तिथे नेऊन बसवलं. तोफा खोट्या, आम्ही तेवढे खरे. काम म्हणजे फिरायचं. या तंबूतून त्या तंबूत. कपडे वाळत घालायचे, काढायचे. घारी येतात ना वरून, त्यांना आम्ही दिसायला पाहिजे."

"आणि रात्री? रात्री परत नेत असतील ना तुम्हाला?"

"रात्रीच तर खरं काम. पाळीपाळीने उठायचं, बाहेर जायचं, बिडी पेटवायची. खंदक आहेत, पण शिट्टी झाल्याशिवाय त्यात उतरायचं नाही. सगळेच आत गेले तर पलीकडच्यांना दिसणार काय?" त्याने घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "वरच्या कोणीतरी शोध लावलाय म्हणे, की संध्याकाळी निघून जाणारी माणसं वरून ओळखू येतात."

तिने भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

"हे ज्याच्या डोक्यातून निघालं ना, त्याला एकदा बघायचंय मला. मारणार नाही ग. नुसतं बघायचंय, कसा दिसतो."

"अजून वाढू?"

"थोडंसं."

तिने वाढलं ते वाढतच राहिली. "अगं बास, बास, सांडतंय," तो म्हणाला, तेव्हा तिचा हात थांबला. मग भांडी घासायला म्हणून ती मागे गेली, नळ मोठा सोडला आणि हातातलं फडकं तोंडात कोंबून रडली. आपणच आपल्या पोराला तिथे नेऊन बसवलं, हे एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. आत त्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या; पावलं दारापर्यंत जात होती आणि परत येत होती.

रजा संपली. "येतो," म्हणून तो गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी कामावर दांडी मारून काटकसऱ्यांच्या कचेरीत गेली.

कचेरी शहरात होती, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. बाकावर बसून तिने बराच वेळ समोरच्या खोलीतली माणसं पाहिली. सगळे हळू आवाजात बोलत होते, कोणाच्याही बुटाला माती नव्हती. काटकसऱ्यांनी तिला ओळखलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"मी चुकीचं बोलले होते, साहेब. माणसांनी काही फरक पडत नाही."

"पडला ना!" ते टेबलावर झुकले. "घारी आता तिथे रोज येतात. पहिल्यांदाच असं झालंय. त्यांना पटलंय, मावशी, आणि ते तुमच्यामुळे."

"म्हणजे तिथे पडणार?"

"पडावं म्हणूनच तर सगळं केलंय."

"आणि ती माणसं?"

काटकसऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. "खंदक आहेत. शिट्टी वाजते." मग म्हणाले, "मी विचारलं होतं हो. अगदी हेच विचारलं होतं. मला सांगितलं, ती माणसं तुमच्या हिशेबात येत नाहीत. त्यांचा पगार तसाही निघतोच, खर्चाच्या दुसऱ्या हेडमधून. काही बरंवाईट झालं तर ते पैसे तिसऱ्या हेडमधून. माझ्या योजनेवर त्यांचा खर्च शून्य दाखवायचा." हे त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

माझा मुलगा आहे तिथे, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण पोराने तोंड उघडलं हे कळलं तर त्याचं काय करतील कोणास ठाऊक. आणि समजा केली यांनी दया, हलवलं त्याला, तरी त्याची जागा रिकामी थोडीच ठेवणार? दुसरीचं पोर आणून बसवतील. तिने शब्द गिळले.

"रॉकेट कुठे टाकायचं, हे ते कसं ठरवतात?"

"जिथे जास्त वावर दिसेल तिथे."

"दोन्हीकडे नाही टाकत?"

"महाग असतं ते. उठसूट टाकायला त्यांनाही परवडत नाही." ते ओशाळं हसले. "तिकडेही माझ्यासारखा कोणीतरी बसलेला असणारच की."

"मग मला माळावर रात्री राहू द्या."

"एकट्या?"

"एकटीच. स्वस्तात पडेल."

"मावशी, अहो, नियमात..."

"मुक्कामाचा भत्ता नको मला. भरपाईही नको. मागे कोणी नाही असं लिहा."

काटकसरे तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी विचारावं असं त्यांना वाटत असावं. त्यांनी तोंड उघडलंही. मग ते म्हणाले, "विचारून बघतो." त्यांच्या आवाजावरूनच तिला कळलं, की फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला वर कोणी नाही म्हणणार नाही.

परवानगी आली. त्या संध्याकाळी ट्रकने दोनदा हॉर्न दिला तरी वहिनी शेडमधून हलली नाही. सुतार उतरून आला. आज त्याला थट्टा सुचत नव्हती.

"चला ना वहिनी. काय हे खूळ."

"तुम्ही व्हा पुढे, भाऊ."

"अहो, पण एकट्या बाईमाणसाने पंचवीस माणसं दाखवायची कशी?"

"बघते काय जमतं ते."

मग त्याने अंगातला स्वेटर काढून तिच्या हातात दिला. "इथे थंडी पडत असेल," तो म्हणाला आणि पाठ फिरवून भराभर ट्रककडे गेला. ट्रकचा आवाज उतारावरून खाली खाली गेला आणि माळावर तिच्याखेरीज कोणी उरलं नाही.

ऊन डोंगराआड गेलं होतं, पण उजेड होता. तिने एकेका तंबूत कंदील लावला. वाळलेल्या कपड्यांतली एक पँट आणि शर्ट आपल्या कपड्यांवरूनच चढवला, केस टोपीत कोंबले आणि पहिल्या तंबूतून निघून नळापर्यंत गेली, तोंड धुतलं, परत आली. शर्ट बदलून दुसऱ्या तंबूतून निघाली. तीन-चार फेऱ्यांनंतर तिची तिलाच चूक कळली. कपडे कितीही बदलले तरी चालतंय एकच माणूस. एक थकलेली बाई फिरतेय, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

ती खाटेवर बसली. मग तिला नवरा आठवला. तो हात मागे बांधून, डावा पाय किंचित ओढत चालायचा. ती तशी उठली, हात मागे बांधले आणि पाय ओढत बाहेर पडली. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती चाल तिच्या पायांना बिनचूक आठवत होती. पुढच्या तंबूतून तिचे सासरे निघाले, चार पावलं टाकून थांबणारे, आभाळाकडे बघून पुन्हा चालणारे. मग तिचा भाऊ, छाती काढून, जमीन आपल्या बापाची असल्यासारखा. मग कमरेवर हात ठेवलेला सुतार. चिखल नसतानाही चिखल चुकवणारे काटकसरे. जिवंत आणि गेलेली, तिच्या ओळखीची सगळी माणसं एकेक करून तंबूंतून निघाली, माळावरून चालली, नळावर थांबली, आणि आपापल्या तंबूत परत गेली. तिला आता अजिबात भीती वाटत नव्हती. उलट इतकी सोबत तिला कित्येक वर्षांत नव्हती.

वर बारीक गुणगुण सुरू झाली तेव्हा ती भावाच्या चालीत होती. तिने मान वर केली नाही. घार माळावर गोल फिरली आणि तिथेच रेंगाळली. वहिनीने चाल जरा संथ केली, नीट दिसावं म्हणून.

शेवटच्या तंबूत एक शर्ट उरला होता, तिच्या मुलाच्या मापाचा. तिने तो घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली आणि तंबूच्या तोंडाशी आली. आता कोण, हे तिला आठवावं लागलं नाही. पोराची ही चाल तर तिला सगळ्यांत चांगली येत होती; टाचा जरा उचलून, हलकं उसळत, लहानपणापासूनच तशी. तिच्या टाचा आपोआप उचलल्याही गेल्या. वर घार घिरट्या घालत होती.

तिने टाचा खाली टेकवल्या. कनात धरून ती क्षणभर उभी राहिली आणि मग सासऱ्यांच्याच चालीने, थांबत थांबत, पुन्हा एकदा बाहेर आली.